ऑफिसची टेलिफोन यंत्रणा सुरू होताना येणारे एरर कोड: निदानाचा योग्य क्रम

ईपीएबीएक्स किंवा आयपी-पीबीएक्स (ऑफिसमधले आतले-बाहेरचे कॉल जोडणारी यंत्रणा) सुरू होताना अडली, डिस्प्लेवर एखादा आकडा आला किंवा कॅबिनेटवर तांबडा दिवा लुकलुकू लागला, की बहुतेक ठिकाणी सर्वांत आधी वीज बंद करून पुन्हा चालू केली जाते. त्याने भागले नाही तर कार्डे काढून पुन्हा बसवली जातात, आणि शेवटी कोणीतरी इनिशियलाइझचा स्विच सरकवतो. पहिल्या कृतीने पुरावा पुसला जाण्याची शक्यता असते, दुसरीने मुळात नसलेले नवे कोड तयार होतात आणि तिसरीने एक्स्टेंशन क्रमांकांपासून कॉल फॉरवर्डपर्यंतचे सगळे प्रोग्रॅमिंग जाते. साधा वीजपुरवठ्याचा किंवा सेलचा दोष अशा रीतीने दोन-तीन दिवसांचे काम होऊन बसतो.

यंत्रणा ठरावीक क्रमाने उभी राहते. आधी वीजपुरवठा स्थिर होतो, मग प्रोसेसर आणि मेमरीची स्वयंचाचणी होते, फर्मवेअर (यंत्रणेचे अंगभूत सॉफ्टवेअर) चढते, डेटाबेस (साठवलेले प्रोग्रॅमिंग) वाचला जातो, लायसन्स तपासले जाते, स्लॉटमधली कार्डे ओळखली जातात, ट्रंक लाइन (बाहेरच्या टेलिफोन लाइन) जुळतात आणि सर्वांत शेवटी टेलिफोन संच नोंदणी करतात. खालच्या पायरीवरचा एक दोष वरच्या प्रत्येक पायरीवर आपापला कोड उमटवू शकतो. म्हणून निदानात सर्वांत आधी उमटलेला कोड शोधायचा असतो. सर्वांत जास्त वेळा दिसणारा किंवा सर्वांत शेवटी दिसणारा कोड बहुधा केवळ परिणाम असतो.

## १. हात लावण्यापूर्वीची तयारी

आपल्या मॉडेलचे आणि आपल्याच फर्मवेअर आवृत्तीचे मॅन्युअल आधी मिळवावे. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये एकाच आकड्याचा अर्थ वेगळा असू शकतो, त्यामुळे इंटरनेटवर नुसता आकडा टाकून मिळालेले उत्तर प्रमाण मानू नये. मॉडेलचे नाव कॅबिनेटच्या पट्टीवरून घ्यावे आणि फर्मवेअरची आवृत्ती मागच्या बॅकअपच्या नोंदीतून किंवा सुरू होतानाच्या कन्सोल संदेशांतून (केबलने लॅपटॉप जोडल्यावर दिसणाऱ्या यंत्रणेच्या संदेशांतून) घ्यावी.

प्रोग्रॅमिंगचा शेवटचा बॅकअप कोठे आहे, तो कोणत्या तारखेचा आहे आणि कोणत्या फर्मवेअरवर घेतला होता, हे तपासावे. लायसन्सची फाइल किंवा की जवळ ठेवावी. अनेक यंत्रणांत लायसन्स प्रोसेसर कार्डाच्या ओळख क्रमांकाशी किंवा विशिष्ट एसडी कार्डाशी बांधलेले असते, त्यामुळे ते कार्ड बदलले की लायसन्सही अमान्य होते.

साधनांमध्ये मल्टिमीटर, अँटिस्टॅटिक मनगटपट्टा, लॅपटॉप, कन्सोल पोर्टला लागणारी सिरियल केबल, नेटवर्क केबल टेस्टर आणि एक साधा अ‍ॅनालॉग टेलिफोन असावा. हा साधा टेलिफोन फार उपयोगी पडतो, कारण तो थेट बाहेरच्या लाइनवर लावला की दोष आपल्या यंत्रणेत आहे की सेवा पुरवठादाराच्या लाइनवर, हे मिनिटभरात कळते.

सावधान: यंत्रणा बंद असताना आपत्कालीन कॉल कोठून करायचा हे आधी ठरवून सर्वांना सांगावे. लिफ्टचा फोन, अग्निसूचना यंत्रणा किंवा गेटवरचा संच याच यंत्रणेवर चालतो का, ते पाहावे. काही कॅबिनेटमध्ये पॉवर फेल्युअर ट्रान्सफरची सोय असते, म्हणजे यंत्रणा बंद पडली की एखादी अ‍ॅनालॉग ट्रंक आपोआप एका ठरावीक साध्या संचाला जोडली जाते. ती सोय असेल तर तो संच कोणता आणि तो खरोखर चालतो का, हे पाहून ठेवावे.

## २. आहे ती स्थिती जशीच्या तशी नोंदवणे

रीस्टार्ट करण्याचा मोह येथेच आवरायचा असतो. यंत्रणा अडलेल्या अवस्थेत असताना कॅबिनेटच्या समोरून साधारण अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्यावा. फोटो पुरत नाही, कारण दिवा स्थिर आहे की लुकलुकतो आहे, एका झटक्यात किती वेळा लुकलुकतो आणि मध्ये किती थांबतो, यावरच अनेक मॉडेलमध्ये कोड ठरतो. प्रत्येक कार्डावरचा दिवा, त्याचा रंग आणि स्लॉट क्रमांक वहीत लिहावा.

त्यानंतर मेंटेनन्स सॉफ्टवेअरने किंवा वेब पानावरून यंत्रणेत शिरता येते का ते पाहावे. येत असेल तर अलार्म लॉग आणि सिस्टिम लॉग लॅपटॉपवर उतरवून घ्यावेत. पडद्यावर दिसणारा लॉग पुष्कळदा शेवटच्या काही नोंदींपुरताच असतो, म्हणून पूर्ण फाइल घ्यावी. जागा भरली की जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात, आणि काही मॉडेलमध्ये लॉग अशा मेमरीत असतो जी वीज जाताच रिकामी होते.

तपासणी: कोड पूर्ण लिहिला आहे ना? मुख्य आकड्याच्या पुढे पुष्कळदा कॅबिनेट, स्लॉट आणि पोर्ट यांचे क्रमांक असतात. नुसता मुख्य आकडा सांगून सेवा तंत्रज्ञालाही फारसे काही सांगता येत नाही.

## ३. वीजपुरवठा आणि सेल

कोड कोणताही असो, ही पायरी वगळू नये. वर्षानुवर्षे अखंड चाललेली यंत्रणा वीज गेल्यानंतरच सुरू होत नाही, याचे एक नेहमीचे कारण पॉवर सप्लायमधले थकलेले कपॅसिटर हे असते. चालू अवस्थेत ते कसेबसे निभावतात, पण थंड झाल्यावर सुरुवातीचा विद्युतभार त्यांना पेलत नाही. अशा वेळी कोड मेमरीचा येतो, कधी कार्डाचा येतो, आणि आग रामेश्वरी व बंब सोमेश्वरी अशी गत होऊन नवी कार्डे मागवली जातात.

यूपीएसच्या बाहेर पडणारे व्होल्टेज भारासह मोजावे. अर्थिंगची जोडणी घट्ट आणि गंजविरहित आहे का, हे पाहावे. बाह्य बॅटरी असतील तर प्रत्येक बॅटरी वेगळी मोजावी. ४८ व्होल्टच्या संचात १२ व्होल्टच्या चार बॅटरी असतात आणि फ्लोट चार्जवर (पूर्ण भरलेल्या बॅटरी भरलेल्या ठेवणाऱ्या चार्जवर) एकूण व्होल्टेज साधारण ५४ च्या आसपास असते. चारांपैकी एकच बॅटरी बसली असली तरी एकूण आकडा काही वेळ ठीक दिसू शकतो, म्हणून एकेक मोजणे महत्त्वाचे आहे. पॉवर सप्लायला बाहेरून मोजण्याचे पॉइंट असतील तर तेथील आकडे मॅन्युअलमधील मर्यादांशी ताडून पाहावेत.

प्रोसेसर कार्डावरचा छोटा लिथियम सेल या पायरीवर सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. तो नवा असताना तीन व्होल्टच्या किंचित वर असतो, २.७ च्या खाली गेला असेल तर मी तो बदलतोच. मात्र जुन्या यंत्रणांत प्रोग्रॅमिंग याच सेलच्या आधारावर मेमरीत टिकून असते. अशा यंत्रणेची वीज बंद असताना सेल काढला तर सगळे प्रोग्रॅमिंग जाते, त्यामुळे बॅकअप हाती आल्याशिवाय आणि मॅन्युअलमधील पद्धत वाचल्याशिवाय सेलला हात लावू नये.

सावधान: पॉवर सप्लायचा डबा उघडू नये. वीज काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये प्राणघातक भार राहू शकतो. अ‍ॅनालॉग एक्स्टेंशनच्या तारांवर घंटी वाजताना जोराचा धक्का बसेल इतके व्होल्टेज असते, तेव्हा चालू यंत्रणेत उघड्या तारांना हात लावू नये.

## ४. एकच नियंत्रित रीस्टार्ट, कन्सोल जोडून

वीजपुरवठा ठीक असल्याची खात्री झाल्यावर एक रीस्टार्ट करावा, पण नीट तयारीने. कन्सोल पोर्टला लॅपटॉप जोडून टर्मिनल प्रोग्रॅम उघडावा आणि सत्राची नोंद फाइलमध्ये साठवण्याची सोय चालू करावी. वेग मॉडेलप्रमाणे बहुधा ९६०० किंवा ११५२०० असतो, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट; नेमकी मूल्ये मॅन्युअलमध्ये पाहावीत. पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटली तर तो यंत्रणेचा एरर नसतो. वेगाची निवड चुकलेली असते.

यंत्रणा प्रतिसाद देत असेल तर मेन्यूमधून रीतसर शटडाउन करावे. थेट वीज काढली आणि त्याच क्षणी एसडी कार्डावर लेखन चालू असेल, तर डेटाबेस बिघडतो आणि पुढे दोन दोष एकमेकांत मिसळतात. बंद झाल्यावर किमान एक मिनिट थांबावे, मग चालू करावे आणि कन्सोलवरील संदेश येत राहू द्यावेत. मोठ्या यंत्रणेला पूर्ण उभे राहायला दहा मिनिटे किंवा त्याहून अधिक वेळ लागू शकतो. "काहीच होत नाही" असे वाटून तिसऱ्या मिनिटाला पुन्हा बटण दाबणे ही मला दिसणारी सर्वांत नेहमीची चूक आहे, आणि त्या वेळी फर्मवेअर लिहिले जात असेल तर प्रोसेसर कार्ड कायमचे निकामी होऊ शकते.

संदेश ठरावीक ओळीपर्यंत येऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असतील, तर यंत्रणा रीस्टार्टच्या चक्रात सापडली आहे. प्रत्येक फेरी त्याच ओळीवर तुटते की वेगवेगळ्या, हे बघावे. त्याच ओळीवर तुटत असेल तर संशय फर्मवेअर, डेटाबेस किंवा एखाद्या विशिष्ट कार्डावर जातो. जागा बदलत असेल तर वीज, मेमरी किंवा उष्णता यांकडे वळावे.

## ५. कोड वाचणे

लॉगमधील नोंदी वेळेनुसार लावण्यापूर्वी त्या वेळा विश्वासार्ह आहेत का ते पाहावे. घड्याळ हरवलेली यंत्रणा १ जानेवारी १९७० किंवा १ जानेवारी २००० अशा तारखेपासून मोजायला लागते. लॉगमध्ये मध्येच अशी तारीख दिसली तर नोंदींचा अनुक्रमांक प्रमाण मानावा, तारीख नव्हे.

मग प्रत्येक कोडपुढे तो कोणत्या पायरीचा आहे ते लिहावे: वीज, मेमरी, साठवण, डेटाबेस, लायसन्स, स्लॉट, ट्रंक की टेलिफोन संच. सर्वांत खालच्या पायरीचा आणि सर्वांत आधीचा कोड बहुधा एकच निघतो. दोन वेगळे निघाले तर खालच्या पायरीच्या कोडपासून सुरुवात करावी. "मेजर" आणि "मायनर" या वर्गवारीवर फार विसंबू नये. ती परिणामाची तीव्रता सांगते, कारण सांगत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, वीज जाऊन आल्यावर लॉगमध्ये चाळीसएक ओळी आहेत आणि जवळजवळ सगळ्या "एक्स्टेंशन नोंदणी अयशस्वी" अशा आहेत. कोणीही आधी टेलिफोन संच आणि नेटवर्क स्विचच तपासायला धावेल. पण यादीच्या अगदी वर "घड्याळ अवैध" अशी एक मायनर ओळ आहे, तिच्याखाली वेळेच्या सर्व्हरकडून उत्तर न आल्याची नोंद आहे आणि त्यानंतर प्रमाणपत्र अमान्य असल्याची. सेल संपलेला असल्यामुळे वीज जाताच घड्याळ मागे गेले. राउटर यंत्रणेच्या नंतर उभा राहिल्यामुळे यूडीपी १२३ पोर्टवरून वेळ मिळाली नाही. चुकीच्या तारखेला सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नसल्यामुळे टीएलएसवरून (सुरक्षित, सांकेतिक जोडणीवरून) जोडणी झाली नाही, आणि म्हणून सगळे संच नोंदणीविना राहिले. येथे सेल बदलणे, वेळ लावणे आणि रीस्टार्ट करणे एवढेच काम आहे. एकाही संचाला हात लावण्याची गरज नाही.

तपासणी: "हा कोड आधी आला म्हणून पुढचे आले" असे प्रत्येक कोडबद्दल सांगता येते का? एखादा कोड साखळीत बसत नसेल तर तो वेगळा, कदाचित जुना दोष आहे. त्याची स्वतंत्र नोंद ठेवून तूर्त बाजूला ठेवावा.

## ६. किमान जोडणीवर चाचणी

कोड प्रोसेसर, मेमरी किंवा स्लॉट या पायऱ्यांचा असेल तरच ही पायरी घ्यावी. वीज बंद करून, मनगटपट्टा बांधून, प्रोसेसर कार्ड आणि पॉवर सप्लाय सोडून बाकीची कार्डे स्लॉटमधून थोडी बाहेर ओढावीत. ती पूर्ण काढण्याची गरज नसते आणि त्यामुळे जागांची अदलाबदलही होत नाही. यंत्रणा आता उभी राहिली तर वीज बंद करून एकेक कार्ड आत सरकवावे आणि दर वेळी कन्सोल बघावा. ज्या कार्डानंतर कोड परत येतो ते संशयित.

परंतु संशयित म्हणजे दोषी नव्हे. तेच कार्ड त्याच प्रकारच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहावे. कोड कार्डाबरोबर गेला तर कार्ड खराब आहे. मूळ स्लॉटला चिकटून राहिला तर स्लॉट, कनेक्टर किंवा बॅकप्लेन (सगळे स्लॉट जोडणारा मागचा बोर्ड) बघावी. कोणत्याही स्लॉटमध्ये शेवटचे कार्ड बसवले की कोड येतो, कार्ड कोणते हे महत्त्वाचे ठरत नाही, असे दिसले तर पुन्हा पॉवर सप्लायकडे जावे, कारण तो पूर्ण भार पेलत नाही.

सावधान: चालू यंत्रणेतून कार्ड काढता येते असे गृहीत धरू नये. काही यंत्रणांत ते आधी सॉफ्टवेअरमधून सेवेबाहेर करावे लागते. डेटाबेसमध्ये प्रत्येक स्लॉटपुढे कार्डाचा प्रकार नोंदलेला असतो, त्यामुळे भलत्या प्रकारचे कार्ड लावले तर विसंगतीचा नवा कोड येतो. तो आपण निर्माण केलेला असतो, मूळ दोषाचा नसतो.

## ७. साठवण, डेटाबेस आणि लायसन्स

चेकसमचा (साठवलेला डेटा बिघडल्याचा) किंवा डेटाबेस न वाचल्याचा कोड आला तर एसडी कार्ड फॉरमॅट करू नये. यंत्रणा बंद करून ते काढावे, लॅपटॉपवर त्याची पूर्ण प्रत घ्यावी आणि प्रतीला बिघडलेली म्हणून स्पष्ट नाव द्यावे. चांगल्या बॅकअपवर ही प्रत चुकून लिहिली जाण्याचा धोका खरा आहे, म्हणून दोन्ही वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात. मग शेवटचा चांगला बॅकअप चढवावा. नव्या फर्मवेअरवर घेतलेला बॅकअप जुन्या फर्मवेअरवर सहसा चढत नाही, तेव्हा आवृत्ती आधी जुळवावी.

इनिशियलाइझ हा शेवटचा उपाय आहे आणि तो बॅकअप हातात असल्याशिवाय करूच नये. केल्यानंतर स्विच पुन्हा नेहमीच्या जागी आणला आहे ना, हे दोनदा पाहावे. तो तसाच राहिला तर पुढच्या रीस्टार्टला नव्याने भरलेले प्रोग्रॅमिंगही पुसले जाईल.

लायसन्सचा कोड स्वतंत्रपणे क्वचितच येतो. कार्ड बदलले, एसडी कार्ड बदलले किंवा घड्याळ चुकले, यांपैकी एक कारण बहुधा त्यामागे असते. आधी ते तपासावे आणि मगच नवे लायसन्स मागवावे.

## ८. ट्रंक आणि टेलिफोन संच

यंत्रणा पूर्ण उभी राहिली आणि तरी कोड उरला, तर तो बहुधा बाहेरच्या जोडणीचा असतो. ई-१ लाइनवर (एकाच वेळी अनेक कॉल नेणारी डिजिटल ट्रंक) एलओएस म्हणजे आपल्याकडे सिग्नलच पोहोचत नाही. केबल, घेणारी आणि पाठवणारी जोडी उलटी झाल्याची शक्यता आणि पुरवठादाराच्या उपकरणाची वीज बघावी. एआयएस म्हणजे सिग्नल येतो आहे पण पलीकडच्या एखाद्या टप्प्यावर बिघाड आहे, आणि आरएआय म्हणजे आपला सिग्नल समोरच्याला नीट मिळत नाही. आपल्याच बाजूला लूपबॅक प्लग (पाठवलेला सिग्नल परत आपल्याकडे वळवणारा) लावला आणि एलओएस गेला, तर आपले कार्ड आणि तेथपर्यंतची केबल चांगली आहे.

आयपी संचांबाबत वीज येण्याचा क्रम फार महत्त्वाचा असतो. राउटर आणि स्विच आधी, मग पीबीएक्स आणि शेवटी संच, असा क्रम असावा. संचाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल तर त्याला डीएचसीपीचे (आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेचे) उत्तर मिळालेले नाही. व्हीलॅनची (स्विचवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कची) नेमणूक बघावी. काही संच चालू होतात आणि शेवटच्या पोर्टवरचे होत नाहीत, तर स्विचची एकूण पीओई क्षमता (नेटवर्क केबलमधून वीज देण्याची क्षमता) मोजावी, कारण वीज आल्यावर सगळे संच एकाच वेळी ती मागतात.

एसआयपीचे (आयपी संच नोंदणी व कॉलसाठी वापरतात त्या नियमांचे) आकडे मात्र सर्व कंपन्यांत सारखेच असतात आणि तरी ते सर्वाधिक चुकीचे वाचले जातात. ४०१ हा नोंदणीतला नेहमीचा टप्पा आहे: सर्व्हर ओळख विचारतो, संच ती देतो आणि पुढे २०० (यशस्वी) येतो. ४०१ पुन्हा पुन्हा येऊन २०० कधीच येत नसेल, तरच पासवर्ड किंवा वापरकर्त्याचे नाव तपासावे. ४०३ म्हणजे सर्व्हरने विनंती समजून घेऊन नाकारली. खाते बंद आहे का किंवा त्या आयपी पत्त्याला मनाई आहे का, ते पाहावे. ४०४ म्हणजे तो एक्स्टेंशन क्रमांक सर्व्हरवर नाही. ४०८ म्हणजे वेळेत उत्तर आले नाही, तेव्हा नेटवर्क, फायरवॉल आणि पोर्ट ५०६० किंवा टीएलएससाठी ५०६१ तपासावेत. ५०३ म्हणजे सेवा तूर्त उपलब्ध नाही. यंत्रणा नुकतीच सुरू झाली असेल तर दहा मिनिटे थांबूनच त्यावर विचार करावा.

## ९. दुरुस्तीची खात्री

कोड गेला म्हणजे काम झाले असे नाही. एक्स्टेंशन ते एक्स्टेंशन, बाहेर जाणारा, बाहेरून येणारा, ऑटो अटेंडंटमार्गे (आपोआप कॉल घेऊन पर्याय सांगणाऱ्या यंत्रणेमार्गे) येणारा कॉल, व्हॉइसमेल आणि फॅक्स असेल तर तोही, अशा चाचण्या कराव्यात. दोन्ही बाजूंचा आवाज ऐकू येतो का, ते प्रत्येक कॉलमध्ये बघावे. सगळे ठीक असेल तर लॉग पुन्हा उतरवून मगच पुसावा, नवा बॅकअप घ्यावा आणि सोयीच्या वेळी रीतसर शटडाउन करून यंत्रणा एकदा पूर्ण थंड अवस्थेतून सुरू करून बघावी. वीज आणि सेलच्या दोषांची खात्री याच चाचणीत होते.

दोष सुटला नाही आणि सेवा तंत्रज्ञाला बोलवावे लागले, तर त्याला पुढील गोष्टी एकत्र द्याव्यात: मॉडेल आणि फर्मवेअर आवृत्ती, दिव्यांचा व्हिडिओ, रीस्टार्टपूर्वीचा आणि नंतरचा लॉग, कन्सोलची फाइल, मोजलेली व्होल्टेजेस आणि आपण कोणत्या क्रमाने काय काय हलवले याची यादी. कोणतेही कार्ड मूळ जागेवर नसेल तर ते या यादीत ठळकपणे लिहावे.